साखऱ्याला, आजीजवळ

साखरा
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

आरोही माय,

खूप जग. आधी हे, मंग बाकीचं.

फोनवर तू 'आजी, नंतर लावते' म्हणतीस आन मी फोन हातात धरून बसते, म्हणून कागद घेतला. देवळातल्या प्रौढ वर्गात जेवढी अक्षरं आली तेवढ्यावर भागवून राहिले. वेलांटी चुकली तर हसू नको. तुझा हात धरून पाटीवर 'ग' मीच गिरवून घेतला होता, आन तवा मी तुझ्या एकच धडा पुढं होते.

तुझा मुकुट बघितला. लई साजरी दिसतीस. कोमलच्या फोनमदी बघितला. कोमल म्हणजे आपल्या शेजारच्या संगिताची पोरगी, विसरली नसशीलच, दोघी मिळून माझ्या बोरीला दगडं मारायच्या. ती बी उतरली होती ना त्या सुंदरीच्या स्पर्धेत. संगिताची निळी साडी नेसून एसटीनं गेली हिंगोलीला. तुझा पहिला नंबर, तिचा दुसरा. साखऱ्याच्याच दोघी. दगडोबा गिरणीवाला म्हणला, "सोजरामाय, आपल्या गावाच्या पाण्यात काहीतरी हाय." रुक्माबाई म्हणली, "पाण्यात क्षार हाय, दुसरं काय."

पर सगळ्यात साजरं ते तुझं बोलणं. त्या बाईनं माईक पुढं करून विचारलं, तुम्ही कुठं राहता? आन तू म्हणलीस, "मी साखऱ्याला राहते, आजीजवळ." मी कोमलला म्हणलं, परत लाव. तिनं लावलं. म्हणलं, अजून एकदा. पारावरच्या बाया हसून राहिल्या. संगिता म्हणली, "मामी, राहते म्हणती, मंग दडवली कुठं? आमाला तर तीन वर्सं दिसली न्हाई." मी म्हणलं, बोलायची रीत असती बाई. आन परत लावायला सांगितलं. कोमल बिचारी लावतच राहिली. त्याच्या पुढंच तिचं नाव पुकारतात, दुसरी म्हणून. ते यायच्या आत ती बंद करायची.

हिंगोलीपस्तोर आलीस तर घरी बी येशील म्हणून मी त्या दिवशी पुरण घातलं होतं. रात्रीची गाडी होती म्हणे तुझी पुण्याची. बराबर हाय. गाडी काय कोणासाठी थांबती. मी काही मनाला लावून घेतलं न्हाई. अंधार पडता पडता कोमल आली, हातात ते दोन नंबरचं बक्षीस, तोंड एवढंसं. म्हणलं बस, पोळी खा. तुझं ताट मांडलेलंच होतं, त्यातच वाढलं. पुरण वाया गेलं न्हाई.

मुकुट जड असतो का गं? मला लग्नात नुसत्या मुंडावळ्या बांधल्या तर दोन दिस डोकं धरलं होतं. तेल लावत जा.

तुझ्या पप्पाला सांग, हरीश, आईनं विचारलंय. त्याला येळ न्हाई हे ठाऊक हाय मला.

तुझी,
सोजराआजी


साखरा
राखी पुनवंच्या दिवशी

आरोही माय,

एसटी थांबती तिथं पोरांनी तुझा फ्लेक्स लावला. खांबापासून खांबापस्तोर तूच. खाली लिवलंय, 'साखऱ्याची लेक, पूर्णामाई सुंदरी'. मी रोज एक चक्कर तिकडून मारते. रुक्माबाईची शेरडं तुझ्या सावलीत बसत्यात. मी हाकलत न्हाई.

आता एक सांगते, घाबरू नको. काल गिरणीवर ज्वारी घेऊन गेले होते. तिथं कळलं की तुझ्या त्या पूर्णामाई महिला मंडळाचा एक नियम हाय. जी जिंकती ती वर्सभर ह्या जिल्ह्यातच राहिली पाहिजे. पोरींच्या शाळांमदी जायाचं, अंगात रगत कमी हाय का ते तपासून घ्या म्हणायचं, शिकता शिकता लग्नाला उभ्या राहू नका म्हणायचं. आन त्या वर्सात तिनं सोता बी लग्न करायचं न्हाई. तुला हे ठाऊक असंल. मला काल कळलं.

संगिता म्हणली, "जिला इथली वाट ठाऊक न्हाई ती पोरींला काय वाट दाखवणार?"

दगडोबा ज्वारी ओतत होता. म्हणला, "गुरुजी तरी कुठं गावात राहतात? फटफटीवर येतात, फटफटीवर जातात. त्याहीची नोकरी कोणी काढली का?"

"गुरुजी येतात तरी," संगिता म्हणली.

"आपला औंढ्याचा नागनाथ बरा," रुक्माबाई म्हणली. "कवाच बदली मागितली न्हाई त्यानं."

सगळे हसले. मी बी हसले. मंग मी म्हणलं, "तिची नाळ माझ्या न्हाणीमागं पुरलेली हाय. माणूस कुठं बी जावो, नाळ तर इथंच राहती ना?"

तर संगिता काय म्हणती? "मंग नाळंलाच मुकुट घाला, मामी."

लई लागलं मला. पीठ न घेताच निघाले, दगडोबानं हाक मारून डबा दिला. पर घरी येऊन भाकरी थापता थापता इचार केला, ती वाईट न्हाई. तिचा नवरा सोमेश्वर, दिवाळी झाली की कोमलचं उरकायचं म्हणून बसलाय. स्थळ बी बघून ठेवलं. पोरीला नर्सचं शिकायचं हाय. मुकुट तिच्याकडं आला तर मंडळाच्या बाया बापाकडून वचन घेतात, वर्सभर लग्नाचं नाव काढायचं न्हाई. तेवढ्या वर्सात तिचं कॉलेजात नाव लागून जाईल, मंग सोमेश्वर बी काही म्हणणार न्हाई. तो तसा अडेल हाय, पर एकदा पोरगी कॉलेजला जाताना दिसली की त्याची मिशी वर जाईल. म्हणून संगितानं मंडळाला फोन केला, की पहिली आलेली पोरगी गावात राहत न्हाई म्हणून.

आता त्या बाया घरी येऊन विचारणार हायेत. मला.

मी काय सांगू? तू सांग. कोमल मला हापशावरून पाणी आणून देती, गुडघ्याला तेल चोळती, ही पत्रं बी तीच सेनगावला टाकती. तिच्याच हातात हे देऊन राहिले. ती वाचायची न्हाई, तशी न्हाई ती पोरगी. तरी मी ह्या पाकिटाला भाताची शितं लावून चिकटवलं. चिकटवताना माझी मलाच लाज वाटली.

फोन कर. मी 'नंतर लावते' म्हणणार न्हाई.

आजी


साखरा
खांदेमळणी, उद्या पोळा

आरोही,

तुझा फोन आला आन मी एवढी हरखले की चुलीवरचं दूध उतू गेलं. जाऊ दे. दूध काय, परत येतं.

तू म्हणलीस ते मी पाठ केलं. "आजी, फक्त हो म्हण. त्यांनी विचारलं, आरोही इथं राहते का, की हो. पुढे काही बोलू नकोस. तू बोलत बसतेस." बराबर हाय तुझं. मी बोलत बसते. एकटीला दुसरं काय काम असतं. तू हे बी सांगितलंस की मुकुट गेला तर पुढच्या मोठ्या स्पर्धेला तुला जाता येणार न्हाई, मुंबईच्या. तीन वर्सं तू त्याच्यासाठी घासून राहिलीस, उपाशी बी राहतीस म्हणे.  उपाशी काहून राहतीस? पर ते जाऊ दे, तुझं काम तुला कळतं.

मी म्हणलं, मंग ये ना चार दिस महालक्ष्म्यांना. म्हणजे खोटं बी बोलावं लागणार न्हाई. तू म्हणलीस शूट हाय. कशाचं ते मी विचारलं न्हाई.

तयारी चालू केली हाय मी. तुझी खाट उन्हात टाकली, ढेकणं बघितली, न्हाईत. तुझ्या दहावीच्या येळचे दोन ड्रेस पेटीत होते, ते धुऊन रोज दोरीवर वाळत घालते. संध्याकाळी काढते, सकाळी परत भिजवते. सवय लागली आता. दोरीवर तुझी ओढणी उडताना बघितली की मला आपलं खरंच वाटतं, पोरगी आत केस विंचरून राहिली असंल. दोरी कोणी बांधून दिली म्हणतीस? कोमलनं. माझा हात वर जात न्हाई.

तिला मी काही सांगितलं न्हाई. दोरी बांधून झाल्यावर ती म्हणली, "आजी, तुमी हो म्हणा. आमचं काय, होईल कसं तरी." आन घागर घेऊन हापशावर गेली. मी तशीच उभी राहिले, चिमटे हातात.

तुला महालक्ष्म्यांची आपली रीत याद हाय का? मी बाहेर उंबऱ्याशी, ताटात दोन मुखवटे घेऊन. आन घरची लेक आत. आतून लेकीनं विचारायचं, कोण आलं? मी म्हणायचं, लक्ष्म्या आल्या. कशाच्या पायानं आल्या? सोन्याच्या पायानं आल्या. कशाला आल्या? राहायला आल्या. मंग या, म्हणायचं आतून. आन मंगच पाऊल आत. आतून कोणी विचारल्याबगर लक्ष्मी आत येत न्हाई, माझ्या सासूच्या सासूपासून हे चाललंय. तू एवढीशी होतीस तरी काय ठसका होता तुझा. एकदा "कशाला आल्या?" विचारून तूच म्हणलीस, "नसतील राहणार तर नका येऊ." बाया लोटपोट हसल्या होत्या.

तू गेल्यापासून कोमलच विचारती आतून. आधी पडद्याआड लाजायची. आता बरं विचारती.

आज खांदेमळणी. आपल्याकडं बैल न्हाईत, मी मातीचे दोन केले आन त्याहीच्याच खांद्याला हळद-लोणी लावलं. रुक्माबाई म्हणली, "मातीच्या बैलाला लोणी लावती आन सोता भाकर कोरडी खाती." खाऊ दे बैलाला.

मी हो म्हणन. काळजी करू नको. रोज आरशापुढं म्हणून बघते. हो. हो. पुढं काही न्हाई.

आजी


साखरा
लक्ष्म्या गेल्या, त्याच दिवशी दुपारी

आरोही माय,

कसं लिवू तेच कळून न्हाई राहिलं. पहिलं चांगलं सांगते. लक्ष्म्या लई छान बसल्या औंदा. थोरलीला हिरवी साडी, धाकटीला तू पुण्याहून पाठवलेली ती जांभळी. चेहरे असे की हसतील आता. सोळा भाज्या जमल्या न्हाईत, पर जेवढ्या जमल्या तेवढ्या केल्या. अंबील बराबर झाली होती.

आता ते.

त्या बाया कवा येतील हे कोणी सांगितलंच नव्हतं. लक्ष्म्या यायच्या संध्याकाळी, मी तुळशीपासून ताट उचललं, बाया ताट-चमचा वाजवून राहिल्या, उंबऱ्याशी आले आन मागं जीप थांबली. मंडळाच्या अध्यक्षीण गंगूताई, हिंगोलीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. आन त्याहीच्या संग एक तरणी बाई, अनुश्री म्हणून, हातात फोन. मला वाटलं आता काय करू, ताट खाली तर ठेवता येत न्हाई. गंगूताईनं चपला काढल्या, हात जोडले आन म्हणल्या, "आधी देवी आत जाऊ द्या आजी. आम्ही थांबतो."

मंग आतून आवाज आला. कोण आलं?

मी म्हणलं, लक्ष्म्या आल्या.

तुला सांगते, ह्या येळेस कोमलचा आवाज असा लागला, खणखणीत, की ताट वाजवणाऱ्या बाया थांबल्या. कशाच्या पायानं आल्या? सोन्याच्या पायानं आल्या. कशाला आल्या? राहायला आल्या. मंग या. आन मी आत आले.

लक्ष्म्यांना जागेवर बसवलं, गंगूताई चटईवर टेकल्या. डोळे पुसत म्हणल्या, "किती वर्षांनी ऐकलं हे. आमच्याकडे आता मोबाईलवर आरती लावतात." मंग अनुश्रीला म्हणल्या, "झालं आपलं काम. घरच्या लेकीनंच विचारायचं असतं हे. आरोही आतच आहे, आपण ऐकलं ना आवाज. लोक उगाच काहीतरी सांगतात." आन मला म्हणल्या, "आजी, बोलवा नातीला, तिला भेटतो आणि निघतो."

दारात संगिता उभी होती.  माझ्याकडं बघून राहिली फक्त.

माय, मला हो बी म्हणावं लागणार नव्हतं. गप बसायचं होतं फक्त. पोरगी मागच्या दारानं बाहेर गेली म्हणा, लाजती म्हणा, काही बी चाललं असतं. सणाच्या गडबडीत कोण बघतं. आन मी बोलले. बोलून गेल्यावर मला कळलं की मी बोलले. मी म्हणलं, "न्हाई हो ताई, ही आमची कोमल. शेजारची. औंदा लई छान विचारलं पोरीनं, तिचं नाव घ्या. आरोही होती तवर आरोहीच विचारायची, तिचा ठसका येगळा. ती पुण्याला गेली तवापासून हिलाच बसवते आत. लेक न्हाई घरात म्हणून रीत थोडीच मोडती."

एवढं सगळं बोलले. तुझ्या नावासकट, पुण्यासकट.

अनुश्रीनं फोन खाली केला. गंगूताई माझ्याकडं बघत राहिल्या, मंग लक्ष्म्यांकडं.   मी मंग उठले, म्हणलं, "राहती हो ताई, राहती, या तुमाला दाखवते," आन त्याहीला हाताला धरून मागच्या दारी नेलं, दोरीपाशी. तुझा तो निळा ड्रेस होता वाळत. गंगूताईनं त्याची बाही अशी दोन बोटांत धरली. शाळेतल्या बाई त्या, पोरींची मापं त्यांच्या डोळ्यात असतात. म्हणल्या, "आजी, हा आता तिला होणार नाही."

मी म्हणलं, व्हय. न्हाई होणार.

कोमल चहा घेऊन आली, अर्धा बशीत सांडलेला. गंगूताईनं तिला ओळखलं, दोन नंबरवाली म्हणून, जवळ बसवलं आन किती शिकली, पुढं काय करायचं हाय ते विचारत बसल्या. मी चुलीपाशी जाऊन बसले. काही काम नव्हतं तिथं.

तू म्हणशील आजीनं मुद्दाम केलं. मी लई इचार करून राहिले, मुद्दाम केलं का. आरशापुढं म्हणत होते तवा हो बराबर यायचं. मला वाटतं पोरीनं एवढं चांगलं विचारलं आन नाव तुझं झालं, तेवढं मला सहन झालं न्हाई. का जीभच तशी हाय माझी, तू म्हणतीस तशी. मला खरंच ठाऊक न्हाई. ठाऊक असतं तर तुला लिवलं असतं.

आज लक्ष्म्या गेल्या. दहीभात दिला, कुंकू लावलं, मुखवटे परत फडक्यात बांधून पेटीत. बघ ना, दरवर्सी आपण म्हणतो राहायला आल्या, आन तिसऱ्या दिशी आपणच वाटं लावतो. त्याला कोणी खोटं म्हणत न्हाई. तुझं ते 'साखऱ्याला, आजीजवळ' तसलंच होतं, मी गंगूताईला सांगणार होते. पर जीप गेली होती तवर.

जांभळी साडी घडी घालून ठेवली. लक्ष्मीच्या अंगावरची साडी घरच्या लेकीनं नेसायची असती.

आजी


साखरा
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

आरोही माय,

सोनं घे. पाकिटात आपट्याचं पान टाकलंय, तुझ्यापस्तोर पोचताना मोडलं असंल तर तसंच घे.

तुझा फोन आला त्याला बरेच दिस झाले. मी लगेच लिवणार होते, पर काय लिवू सुचलं न्हाई. "एक शब्द बोलायचा होता आजी. एक," म्हणलीस. बराबर हाय. मंग किती तरी बोललीस. माझ्यामुळं काय काय गेलं ते सगळं सांगितलंस, मैत्रिणी काय म्हणल्या, पप्पा काय म्हणले. फोन कानाला गरम झाला. मी मधी एक अक्षर बोलले न्हाई. तुला वाटलं असंल आजी रुसली. रुसले न्हाई माय. तू दहावीनंतर माझ्याशी एवढा येळ कवा बोललीच नव्हतीस. मी हुं पण केलं न्हाई, मधी बोलले तर ठेवून देशील म्हणून. तुझा आवाज बसलेला वाटला. आडुळशाचा काढा घे, मध घालून. उपाशी राहू नको.

त्या दिवसापासून तुझा नंबर लागत न्हाई. कोमल म्हणती रेंज नसंल. पुण्यात रेंज नसती का?

इथलं सांगते. मुकुट कोमलला दिला. मंडळानं गावातच कार्यक्रम केला, शाळेच्या पटांगणात. सोमेश्वरनं सगळ्यांपुढं कबूल केलं, वर्सभर लग्न न्हाई. मिशी वर गेलीच त्याची. कोमलच्या डोक्यावर मुकुट ठेवला तवा ती आधी माझ्याकडं बघती, काय चुकल्यागत. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, तळहात लाल झाले. मला आनंद बी झाला, खोटं काहून बोलू. आन त्याच येळेस तुझं तोंड डोळ्यापुढं. माणसाला दोन्ही कसं होतं एकाच येळी, मला कळत न्हाई.

संगितानं दुसऱ्या दिशी धपाटे आणून दिले. म्हणली, "मामी, त्या नाळंचं मी बोलले ते मनात ठेवू नका." मी म्हणलं, "धपाट्यात तीळ कमी पडलेत तुझ्या." मंग दोघी हसलो.

पर गंमत ऐक. कोमलला वर्सभर सगळ्या तालुक्यांत हिंडायचं, कळमनुरी, वसमत, औंढा. साखऱ्याहून सकाळची गाडी कवा येती कवा येत न्हाई. मंग मंडळानं ठरवलं तिनं हिंगोलीलाच राहायचं, त्याहीच्या वसतिगृहात. नर्सच्या कॉलेजात बी तिथंच नाव लागून राहिलं. परवा जाणार. संगिता डबे भरून राहिली आन मधी मधी रडती. दगडोबा गिरणीवर म्हणला, "घ्या. जी राहत होती ती बी न्हाई राहिली आता." ह्या येळेस कोणी हसलं न्हाई. रुक्माबाई पिठाचा डबा उचलून निघाली.

मी कोमलला विचारलं, तिथं शाळेत पोरी विचारतील, ताई तुमी कुठं राहता, तर काय सांगशील? ती म्हणली, "साखऱ्याला सांगीन आजी. दुसरं काय सांगू." मी म्हणलं, सांग. बराबर हाय.

तुझा फ्लेक्स पोरांनी काढला. कोमलचा लावायचा होता. ते तुझा कडब्यावर झाकायला नेऊन राहिले होते, पाऊस लागू न्हाई म्हणून. मी म्हणलं मला द्या. घरात लावला. भिंतीपेक्षा तू मोठी, मंग पाय दुमडून चुलीमागं घातले आन मुकुट वर पत्र्याला टेकला. सैपाक करताना तुझ्याशी बोलते. तू म्हणत न्हाईस 'नंतर लावते'. धुरानं काळी पडशील म्हणून चूल आता दारासमोर बाहेर मांडली.

ड्रेस दोरीवरून काढले. दोरी तशीच हाय. माझ्या हातानं सुटत न्हाई.

हे पत्र कोमल टाकील. पुढचं कोण टाकील ते बघू. सेनगावपस्तोर माझे गुडघे जात न्हाईत.

तुला राहायला ये म्हणत न्हाई मी. तुझं काम तिकडं, तुझं शूट तिकडं, आन आता तुला इथं राहून मुकुट बी मिळणार न्हाई. काहून राहशील. पर पुढच्या वर्सी महालक्ष्म्यांच्या दिवशी, संध्याकाळची तेवढी घटका, आत बसायला कोणी न्हाई. संगिताला म्हणून बघितलं, ती म्हणती लेकीनंच विचारायचं असतं मामी, मी कशी विचारू. रीत तर रीत हाय. मी ताट घेऊन उंबऱ्याशी उभी राहीन. जांभळी साडी पेटीत हाय. दोन शब्द म्हणायचेत फक्त, कोण आलं, तेवढंच. बाकी मी म्हणन.

न्हाई आलीस तरी मी राग धरणार न्हाई. ताट तेवढं जड असतं.

तुझी,
सोजराआजी